बत्तीस मुक्काम टोकियो

दुसऱ्या महायुद्धात जपानला अमेरिकेने हरवले, असा एक समज आहे. १९४५ पुरता तो खरा असेल. पण त्यानंतर जपानला रोज संध्याकाळी, सुट्ट्या पैशांत, हवे तितक्या वेळा हरवण्याची कायमस्वरूपी व्यवस्था केली ती ओसाकातल्या एका जपानी कंपनीने. कॅपकॉम तिचे नाव. डिसेंबर १९८४ मध्ये तिने ‘१९४२’ हा व्हिडिओ गेम जपानी पार्लरांत आणला. शंभर येनचे नाणे फटीत टाकायचे, की पडद्यावर निळा समुद्र सरकू लागतो आणि तळाशी एक अमेरिकन लढाऊ विमान येऊन उभे राहते. त्यात बसून समोरून येतील तेवढी जपानी विमाने पाडायची आणि टोकियो गाठायचे. बनवणारा जपानी, खेळणारा जपानी, नाणे जपानी, पडणारी विमाने जपानी; जिंकणारा तेवढा परदेशी. इतक्या थोड्या आयातीवर चाललेला दुसरा उद्योग आमच्या पाहण्यात नाही.

याच ओसाकावर मार्च १९४५ मध्ये अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी रात्रभर आग ओतली होती. त्याला चाळीस वर्षेही झाली नव्हती, तोच त्या शहरातली शाळकरी पोरे अमेरिकन वैमानिक होऊन राजधानीकडे निघाली. शहाण्या माणसाने अशा वेळी स्मारक बांधले असते, परिसंवाद भरवला असता, निदान एखादी समिती तरी नेमली असती. कॅपकॉमने अमेरिकेतले गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवले. अमेरिकन माणसाला आपण जिंकतो असा खेळ आवडेल, हे ताडण्यासाठी फार मोठी बुद्धी लागत नाही. पण तेवढ्यासाठी आपलेच अख्खे हवाई दल पाडायला द्यायचे, याला मात्र मोठे मन लागते. आम्ही त्याला मूर्खपणा म्हणतो, आणि हा शब्द आम्ही आदराने वापरतो.

हा खेळ रचणारे योशिकी ओकामोतो आधी कोनामी या कंपनीत होते. तिथे साहेबांनी मोटारीचा खेळ करायला सांगितला होता आणि यांनी विमानाचा केला, असा किस्सा सांगतात. तो खेळ म्हणजे १९८२ चा ‘टाइम पायलट’. त्यातला वैमानिक १९१० पासून २००१ पर्यंत काळाच्या पाच टप्प्यांत लढतो. काळाशी अशी सलगी असलेला माणूस कॅपकॉमला मिळाला, ही इतिहासाची कृपा. पुढे ‘स्ट्रीट फायटर २’ याच माणसाच्या देखरेखीखाली झाला. त्याने कंपनीला अमाप पैसा मिळाला आणि जगभरच्या पोरांच्या अंगठ्यांना घट्टे पडले. पण तो शहाणपणाचा खेळ होता, म्हणून त्याविषयी इथे बोलत नाही.

‘१९४२’चा नकाशा मात्र नीट पाहण्यासारखा आहे. एकूण बत्तीस फेऱ्या, आणि आकडे उलटे. सुरुवात बत्तीसने, शेवट एकने. म्हणजे युद्ध आणखी किती चालणार हे सैनिकाला पहिल्या दिवशीच सांगितलेले. जगातल्या कोणत्याही सेनापतीने आपल्या माणसांना एवढा मान दिलेला नाही. चार-चार फेऱ्यांचे आठ मुक्काम असे: मिडवे, मार्शल, अत्तू, रबौल, लेते, सायपान, इवो जिमा, ओकिनावा. यातली मार्शल बेटे विषुववृत्ताच्या थोडी वर आहेत. अत्तू थेट अलास्काच्या शेपटाला, धुक्यात आणि बर्फात. रबौल पुन्हा विषुववृत्ताच्या खाली. तेव्हा आमचा वैमानिक टोकियोला जायला निघतो, वाटेत पार उत्तरेला जाऊन थोडा गारवा घेतो, मग दक्षिणेला उतरून घाम काढतो आणि तिथून सावकाश जपानकडे वळतो. पडद्यावर मात्र तो सारा वेळ सरळ वरच जात असतो. दिशा बदलल्याचे विमानालाही कळत नाही आणि समुद्रालाही नाही.

प्रत्यक्ष युद्धात अमेरिकन सेनापतींनी रबौल जिंकलेच नाही. ते अवघड आहे असे पाहून त्यांनी त्याला वळसा घातला, आणि तिथे अडकलेले लाखभर जपानी सैनिक युद्ध संपेपर्यंत भाजीपाला पिकवत राहिले. हा झाला शहाणपणा. आमचा वैमानिक असली पळवाट काढत नाही. रबौलच्या चार फेऱ्या ठरल्या आहेत ना, मग त्या होणार. त्याच बाणेदारपणे तो लेते आधी घेतो आणि सायपान नंतर. इतिहासात सायपानची लढाई जून १९४४ ची आणि लेतेची ऑक्टोबरची, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. इवो जिमा आणि ओकिनावा ही १९४५ ची रणांगणेसुद्धा तो १९४२ मध्येच उरकून टाकतो. तीन वर्षांचे रक्त एका वर्षात आणि एका नाण्यात बसवणे याला इतिहासकार अचूकतेचा अभाव म्हणतील. आम्हाला ती काटकसर वाटते.

आता विमानाकडे वळू. खेळात त्याला ‘सुपर एस’ म्हणतात, पण दोन इंजिने आणि दोन शेपट्या पाहिल्या की लॉकहीडचे पी-३८ लाइटनिंग लगेच ओळखू येते. हे विमान अमेरिकन भूसेनेच्या हवाई दलाचे. पंखांची लांबी बावन्न फूट, लागते लांब धावपट्टी, आणि विमानवाहू नौकेशी त्याचा काडीचा संबंध नाही. कॅपकॉमने ते नौकेवरूनच उडवले. फेरी संपली की ते पुन्हा नौकेवर अलगद उतरते, आणि पुढच्या फेरीला परत उडते. प्रत्यक्षातले नौदल आणि भूसेना यांनी पॅसिफिकचे चक्क दोन वाटे करून घेतले होते, एकात ॲडमिरल निमिट्झ आणि दुसऱ्यात जनरल मॅकआर्थर. ते भांडण ओसाकातल्या चित्रकाराने कुंचल्याच्या एका फटक्यात मिटवले.

नौकेवरून टोकियो गाठण्याचा प्रयोग १९४२ मध्ये खरोखर झाला होता, हेही सांगायला हवे. १८ एप्रिलला जेम्स डूलिटलच्या नेतृत्वाखाली सोळा बी-२५ बॉम्बर ‘हॉर्नेट’ नौकेवरून उडाले. ते उडू शकत होते, पण नौकेवर परत उतरू शकत नव्हते. म्हणून बॉम्ब टाकून त्यांनी चीनची वाट धरली. पंधरा विमाने तिकडे कोसळली किंवा वैमानिकांनी सोडून दिली. एक रशियात व्लादिवोस्तोकजवळ उतरले, तर रशियाने विमानातल्या मंडळींना नजरकैदेत ठेवले. मोठमोठ्या मेंदूंनी महिनोन्‌महिने खपून आखलेल्या मोहिमेची ही अवस्था. आमचे पी-३८ प्रत्येक फेरीनंतर परत येते आणि त्याला साधी धूळही बसलेली नसते.

पण या खेळाची खरी प्रतिभा दिसते ती रसदीच्या व्यवस्थेत. लढाया हरल्या जातात त्या पेट्रोल, काडतुसे आणि बिस्किटे वेळेवर न पोचल्याने, हे सैनिकी शाळांत घोकून घेतात. ‘१९४२’ मध्ये पेट्रोल संपत नाही, गोळ्या संपत नाहीत, आणि नवी शस्त्रे पुरवण्याचे काम शत्रूकडे सोपवलेले आहे. लाल रंगाच्या जपानी विमानांची एक तुकडी येते, एका रांगेत, वळणे घेत, कुठलाही वैरभाव न दाखवता. ती सगळीच्या सगळी पाडली की तिथे एक छोटी खूण तरंगत राहते. ती घेतली की तुमच्या बंदुका दुप्पट होतात, किंवा दोन्ही बाजूंना दोन छोटी साथीदार विमाने येऊन उभी राहतात. ही साथीदार विमाने त्या समुद्रात आली कुठून, असे विचारणे हा कृतघ्नपणा होईल. लाल तुकडी दर वेळी त्याच जागी, त्याच क्रमाने येते. आधीच्या लाल तुकड्यांचे काय झाले हे ठाऊक असूनही येते. अशी कर्तव्यनिष्ठा पोस्टखात्यातही आता राहिलेली नाही.

शत्रूच्या गोळ्याही तशाच समंजस. त्या बारीक ठिपक्यांसारख्या दिसतात आणि चुकवता याव्यात इतक्या बेताने येतात. तरीही चारी बाजूंनी घेरले गेलात तर एक बटण आहे. ते दाबले की विमान हवेत कोलांटी मारते, आणि कोलांटी चालू असेपर्यंत त्याला काहीही लागत नाही. मात्र कोलांट्या मोजक्या. हिशेब खालच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. संकट आले की गरकन फिरायचे आणि ते निघून गेल्यावर सरळ व्हायचे, ही युक्ती आपल्या सार्वजनिक जीवनात वर्षानुवर्षे चालू आहे, पण तिथे कोलांट्यांवर मर्यादा कोणी घातलेली नाही. या बाबतीत कॅपकॉम आपल्यापेक्षा कडक आहे.

फेरी संपली की अहवाल येतो. किती टक्के विमाने पाडली, त्याचे गुण किती. ही टक्केवारी कोणी वाढवून सांगत नाही. खऱ्या युद्धात दोन्ही बाजूंच्या हवाई दलांनी पाडलेल्या विमानांचे आकडे वाचले तर कित्येकदा शत्रूकडे होती त्यापेक्षा जास्त विमाने पडलेली दिसतात. अमेरिकेचा सर्वांत यशस्वी लढाऊ वैमानिक रिचर्ड बाँग हाही पी-३८ चाच. त्याच्या नावावर चाळीस विमाने. पार्लरमधल्या बेताच्या पोरालासुद्धा तेवढी पाडायला दोन-चार मिनिटे पुरतात. बाँग युद्धातून जिवंत परतला आणि ६ ऑगस्ट १९४५ ला कॅलिफोर्नियात नव्या जेट विमानाच्या चाचणीत गेला. त्याच दिवशी हिरोशिमावर बॉम्ब पडला. खेळात असले योगायोग येत नाहीत. विमान फुटते, आत कोणी असल्याचे दिसत नाही, हवाई छत्री उघडत नाही, कोणाच्या घरी तार जात नाही. एवढे मोठे युद्ध आणि कोणाच्याही आईला कळवावे लागत नाही.

संगीताबद्दल मतभेद आहेत. सतत वाजणारा फौजी ताशा आणि त्यावर पीटीच्या तासाला मास्तर फुंकतात तशी शिट्टी, एवढाच मामला. ती शिट्टी थांबत नाही, बदलत नाही, कुठे पोचत नाही. घरी खेळायच्या फॅमिकॉमवर १९८५ मध्ये हा खेळ आला तेव्हा ती आणखी टोकदार झाली. काहींना तिचा त्रास होतो. आमच्या मते महायुद्धाला याहून योग्य पार्श्वसंगीत असू शकत नाही.

आपल्याकडे हा खेळ पोचला तो नव्वदच्या दशकात, त्या फॅमिकॉमच्या स्वस्त नकलांवर, एका कॅसेटमध्ये कोंबलेल्या डझनावारी खेळांतला एक म्हणून. घरात बेचाळीस म्हटले की गवालिया टँक, चले जाव, भूमिगत मंडळी आणि त्यातून उभे राहिलेले साताऱ्याचे प्रतिसरकार आठवणारी माणसे तेव्हा होती. त्यांच्या पुढ्यात नातू टीव्हीवर बेचाळीस लावून जपानी विमाने पाडत बसला. हा पेच मोठा नाजूक होता. एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले होते, म्हणून जपान शत्रू. पुढे नेताजींची आझाद हिंद सेना जपानच्या साथीने इंफाळपर्यंत आली, म्हणून जपान मित्र. तिथेच सांगशाकला मराठा पलटणीचे जवान इंग्रजांच्या बाजूने जपान्यांशी लढत होते, म्हणून परत शत्रू. आणि ज्यांच्या विरुद्ध ‘चले जाव’ म्हणायचे ते इंग्रज, म्हणून सगळेच गोंधळात. इतिहासाच्या मास्तरांना तासभर बोलूनही ही गाठ सोडवता आली नाही. खेळाने ती सोडवली: पडद्याच्या तळाशी जे विमान असेल ते आपले. नातवाला हे कोणी शिकवावे लागले नाही.

१९८७ मध्ये कॅपकॉमने पुढचा भाग काढला. नाव ‘१९४३: द बॅटल ऑफ मिडवे’. मिडवेची लढाई झाली ४ ते ७ जून १९४२ ला. पहिल्या खेळाचे नावच ‘१९४२’ होते, त्यात पहिला मुक्कामही मिडवेच होता, तेव्हा कंपनीला हे वर्ष ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. तिने एकदा झालेली लढाई पुढच्या वर्षी पुन्हा ठेवली, एवढेच. या खेळात गाठायचे आहे ते ‘यामातो’ या महाकाय युद्धनौकेला. खरी यामातो मिडवेच्या वेळी ॲडमिरल यामामोतोंना घेऊन शेकडो मैल मागे उभी होती आणि तिने तिथे एकही अमेरिकन जहाज पाहिले नाही. पी-३८ विमानांनी १९४३ मध्ये गाठले ते यामातोला नसून यामामोतोंनाच. १८ एप्रिलला ग्वादलकनालच्या धावपट्टीवरून उडून त्यांनी ॲडमिरलचे विमान बुगनव्हिल बेटावर पाडले. नौका आणि ॲडमिरल यांच्या नावांत एका अक्षराचा फरक. कॅपकॉमने त्यातले जे आकाराने मोठे होते ते निवडले असावे.

यामातो बुडाली ७ एप्रिल १९४५ ला, ओकिनावाच्या वाटेवर. तिच्यावर तीनशेहून जास्त विमाने सोडावी लागली, दोन तास लागले, आणि तिच्याबरोबर सुमारे तीन हजार माणसे गेली. परतीचा बेत नसलेली ही सफर अनुभवी, पदके लावलेल्या अधिकाऱ्यांनी नकाशे मांडून ठरवली होती. तिला कोणी मूर्खपणा म्हणत नाही, कारण ती लेखी आदेशावर झाली. खेळात एक विमान पुरते, फार तर सोबतीला दुसरा खेळाडू. शिवाय विमानाची शक्ती खर्च करून आकाशातून वीज पाडता येते आणि समुद्रातून लाट उठवता येते. शक्ती या भागात सतत गळत असते, हे मात्र आम्हाला रुचले नाही. पहिल्या भागातली निष्काळजी चैन इथे गेली आणि त्याजागी चिंता आली. वास्तवाने डोके वर काढले की असेच होते.

सुदैवाने पुढे मालिकेने परत धरबंध सोडला. १९४२ आणि १९४३ नंतर १९९० मध्ये आला ‘१९४१’. मग नव्वदच्या दशकाच्या मध्याला आला ‘१९एक्सएक्स’. या नावात साल कोणते ते न ठरवण्याचे धैर्य दाखवले आहे, आणि वादग्रस्त जन्मतारखा असलेल्या थोर पुरुषांच्या चरित्रकारांनी ते जरूर उचलावे. २००० मध्ये ‘१९४४’ आला. ‘१९४५’ मात्र क्योतोच्या साइक्यो या कंपनीने १९९५ मध्येच ‘स्ट्रायकर्स १९४५’ म्हणून वापरून टाकला होता. त्यात जपानी झीरो आणि अमेरिकन पी-३८ ही हाडवैरी विमाने, जोडीला इंग्रजांचे स्पिटफायर आणि जर्मनांचे मेसरश्मिट, सगळी एकाच बाजूने लढतात. ज्यांनी सहा वर्षे एकमेकांची शहरे जाळली त्यांना एकत्र आणायला क्योतोच्या मंडळींना लागले ते फक्त राक्षसी यंत्रमानव. संयुक्त राष्ट्रांच्या हाती तेवढे यंत्रमानव नाहीत.

आक्षेप घेणारे अर्थात आहेत. युद्धाचे खेळ खरे असावेत, इतिहासाला धरून असावेत, मुलांना त्यातून काहीतरी कळावे, असे ते म्हणतात. तसा खेळ आम्ही मनाशी रचून पाहिला. पहिल्या फेरीत न्यू गिनीच्या चिखलात सुटे भाग यायची वाट पाहत बसायचे. दुसऱ्या फेरीत मलेरियाची कडू गोळी रोज घ्यायची, आणि अंग पिवळे पडत चालल्याचे पाहायचे. तिसऱ्या फेरीत तीनशे मैल उडून जायचे आणि ढगांमुळे परत यायचे. चौथ्या फेरीत पहिल्याच गोळीला मरायचे, आणि मग यंत्राने पुढची सगळी वर्षे दुसरे नाणे स्वीकारायचे नाही. असा खेळ पार्लरवाल्याने सकाळी लावला तर संध्याकाळी तो फटीतून एकही नाणे काढू शकणार नाही. उलट ‘१९४२’ पुढे पोरे रांगेने नाणी ठेवून उभी राहत. जपानमध्ये तर एकाच नाण्यात अख्खा खेळ संपवून दाखवणे हे मोठे ध्येय मानले जाई. कोणी त्यासाठी महिने घालवी, लाल तुकडी कुठल्या क्षणी कुठून वळते हे पाठ करी. रात्री दुकान बंद करताना यंत्राचा स्विच बंद केला की त्या काळातल्या बऱ्याच यंत्रांत गुणांची यादी पुसली जाई. दुसऱ्या दिवशी विजेता कोण हे कोणालाच आठवत नसे, आणि जपानचे हवाई दल पुन्हा पुरते सज्ज असे. इतकी कोरी पाटी कोणत्याही तहाने साधलेली नाही.

२०२१ मध्ये कॅपकॉमने आपले जुने खेळ ‘कॅपकॉम आर्केड स्टेडियम’ या संग्रहात घरच्या यंत्रांसाठी परत काढले. ‘१९४२’ त्यात आहे, आणि ‘१९४३’ तर बरोबर फुकट दिला आहे. त्यात एक नवी सोय केली आहे. विमान फुटले की एक बटण दाबायचे आणि काळ उलटा फिरवायचा. ठिणग्या गोळा होतात, पंख जोडले जातात, गोळी मागे सरकते आणि पी-३८ पुन्हा अखंड. चूक झाली ती जागा टाळून पुढे जायचे. डूलिटलच्या पंधरा विमानांना आणि यामातोच्या अधिकाऱ्यांना हे बटण मिळाले असते तर त्यांनी ते कुठवर मागे फिरवले असते, यावर एखादा परिसंवाद भरवायला हरकत नाही. आमची तक्रार वेगळी आहे. या संग्रहात नाणे टाकायचे तेही बटणानेच, कितीही वेळा आणि विनामूल्य. आम्हाला हे प्रशस्त वाटत नाही. दुसऱ्याचे साम्राज्य बुडवायचे तर निदान शंभर येन तरी खिशातून जावेत, आणि पुढच्याने मागे उभे राहून ‘आटप की लवकर’ म्हणावे.